पावसाळ्यानंतर पॉइंटवाली बुलेट चालू करण्याची तयारी

दसरा जवळ आला की कोकणात काय आणि घाटावर काय, कितीतरी जुन्या बुलेट कव्हरखालून बाहेर निघतात. खंडेनवमीला पूजा करायची तर गाडी निदान चालू तरी व्हायला हवी. पण चार महिने दमट हवेत उभी असलेली गाडी पहिल्या किकला सहसा दाद देत नाही, आणि मग जो तो कार्बोरेटर खोलायचा सल्ला देतो. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. स्पार्क चोख आहे याची खात्री पटेपर्यंत कार्बोरेटरच्या एकाही स्क्रूला हात लावू नका. स्पार्क कमजोर असला किंवा अवेळी पडत असला, तरी गाडी मिसिंग मारते, काळा धूर टाकते, सायलेन्सरमध्ये फटाके फोडते, पिकअप घेत नाही. कार्बोरेटर बिघडल्यावरही हेच सगळं होतं. त्यामुळे आधी कार्बोरेटर फिरवला की त्याचं चांगलं सेटिंगही हातचं जातं आणि एकाऐवजी दोन बिघाड शोधत बसावं लागतं.

हे सगळं ओतीव लोखंडी इंजिनाच्या ३५० बुलेटबद्दल आहे, म्हणजे ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, ३४६ सीसी. मूळ आराखडा इंग्लंडमधल्या रेडिचचा. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि ही गाडी इथली झाली. यातल्या शेवटच्या काळातल्या काही गाड्यांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे, त्यांना पॉइंटचा (उघडमीट करून ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या धातूच्या दोन टोकांचा) भाग लागू नाही. येझदी आणि राजदूतवाल्यांना क्रम हाच चालेल, आकडे मात्र आपापल्या मॅन्युअलमधले घ्या.

आधी जमवाजमव. प्लग पाना, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), पॉइंटच्या स्क्रूत आणि जेटच्या (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकाच्या स्क्रूच्या) खाचेत घट्ट बसणारा छोटा स्क्रू ड्रायव्हर (सैल बसणारा पितळी जेटची खाच खाऊन टाकतो), टेस्ट लॅम्प, टॉर्च, जुन्या सुती कपड्याची फडकी, काचेची रुंद तोंडाची बाटली आणि घरातली एक जुनी परात. कार्बोरेटरचं काम कायम परातीवर करा. मातीत पडलेला जेट एकदा सापडत नाही तो नाहीच. सुट्या भागांत नवा प्लग, पॉइंट सेट, कंडेन्सर (पॉइंटमधली ठिणगी शमवणारा छोटा भाग) आणि हातभर पेट्रोल पाइप असू द्या. पॉइंट आणि कंडेन्सर घेताना पैसे वाचवायला जाऊ नका. बाजारात नकली माल भरपूर आहे आणि नकली कंडेन्सर खोक्यातून निघतानाच मेलेला असू शकतो. जुना काढलेला कंडेन्सर चालू स्थितीतला असेल तर तो डबीत जपून ठेवा. एक वही आणि पेनही जवळ हवं. काय होतं आणि काय केलं हे लिहून ठेवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, कंडेन्सर आणि जेट एकदम बदलले आणि गाडी चालू झाली, तर बिघाड कुठे होता हे कळतच नाही. तो पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा भेटतो.

काम हवेशीर जागी करा, बादलीभर वाळू हाताशी ठेवा. पेट्रोल उघडं असताना स्पार्क पाहायचा नाही, हा नियम कुणासाठीही मोडू नका.

बॅटरीपासून सुरुवात करा, कारण ही गाडी बॅटरीवर स्पार्क देते. १२ व्होल्टची बॅटरी विसावलेली असताना १२.६ च्या आसपास असावी. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मग पुढचं बोला. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुवा आणि अर्थची वायर चॅसिसला जिथे बसते तो नट काढून खालची जागा घासून घ्या. रंगावर बसलेली अर्थ पावसाळ्यानंतर हमखास दगा देते.

आता हेडलाइटच्या वरचा अ‍ॅम्पीअर मीटर. बुलेटवाल्याला याच्याइतकं खरं सांगणारं यंत्र दुसरं नाही. लाइट बंद ठेवून इग्निशन चालू करा आणि किक हाताने सावकाश दाबत काटा बघा. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून (बॅटरीच्या करंटपासून प्लगसाठी जोरदार स्पार्क बनवणाऱ्या गुंडाळीतून) करंट वाहतो, म्हणून काटा डिस्चार्जकडे झुकतो. पॉइंट उघडले की तो मध्यावर परत येतो. किकबरोबर काटा असा हलत असेल तर बॅटरी, स्विच, कॉइलचं प्रायमरी आणि पॉइंट या चौघांनी हजेरी लावली असं समजा. काटा मध्यावरून ढिम्म हलत नसेल तर एक तर कॉइलपर्यंत करंट पोहोचत नाही किंवा पॉइंटवर गंज धरलाय. काटा डिस्चार्जला जाऊन तिथेच चिकटला तर पॉइंट उघडतच नाहीत, किंवा त्यांची वायर कुठेतरी प्लेटला टेकलीय, किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झालाय. एकही नट न काढता इतकं कळतं. पाहून झालं की इग्निशन लगेच बंद करा. पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलं असेल आणि स्विच चालू राहिला, तर कॉइल तापून कायमची जाते.

आता उजव्या बाजूचं, सिलिंडरमागचं पॉइंटचं झाकण उघडा. पावसाळ्यात आत ओल गेली असेल तर पॉइंटवर करडा थर दिसतो. तो बारीक कानशीने अलगद काढा, पॉलिश पेपर वापरलाच तर त्याचे कण मागे राहू देऊ नका. मग पेट्रोलमध्ये बुडवलेलं फडकं फिरवा आणि शेवटी पांढऱ्या कार्डाची पट्टी मिटलेल्या पॉइंटमधून ओढून काढा. पट्टी स्वच्छ येईपर्यंत हे करायचं. नव्या पॉइंटलाही हे करावंच लागतं, त्यांच्यावर गंजरोधक तेलाचा पातळ थर असतो. मग इंजिन फिरवून पॉइंट जास्तीत जास्त उघडतील तिथे थांबवा आणि गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. फिलर गेजची पाती किंचित अडखळत सरकली पाहिजे. स्क्रू घट्ट केल्यावर पुन्हा एकदा मोजा, कारण घट्ट करताना प्लेट सरकते.

गॅप आधी, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) नंतर. हा क्रम उलटला तर दोन्ही कामं वाया जातात, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे जातं. टायमिंग पाहण्याआधी प्लेटमागचा, वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारा ऑटो-अ‍ॅडव्हान्स तपासा. कॅम बोटांनी फिरवून सोडला तर तो स्प्रिंगने झटकन परत यायला हवा. ओलीने वजनं अडकलेली असतील तर टायमिंग पुढेच राहतं आणि किक उलटी मारते. घोट्याला लागणारा तो फटका ज्याने खाल्लाय, तो हे तपासायला विसरत नाही. मग प्लगच्या भोकातून काडी टाकून कॉम्प्रेशन स्ट्रोकवरचा पिस्टनचा सर्वांत वरचा बिंदू शोधा. पिस्टन तिथे पोहोचायला ०.८ मिमी बाकी असताना, अ‍ॅडव्हान्स पूर्ण मिटलेल्या स्थितीत, पॉइंट उघडायला सुरुवात झाली पाहिजे. नेमका क्षण टेस्ट लॅम्पने सापडतो. लॅम्पचं एक टोक पॉइंटच्या वायरला आणि दुसरं अर्थला लावा, पॉइंट उघडताक्षणी दिवा लागतो. लॅम्प नसेल तर सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरा, तो सुटला की पॉइंट उघडले. शेवटी कॅमच्या फेल्टवर तेलाचा एक थेंब द्या, दुसरा नको. जास्तीचं तेल पॉइंटवर उडतं आणि केलेली सफाई दोन दिवसांत फुकट जाते.

प्लगचा गॅप ०.४५ ते ०.५० मिमी. स्पार्क पाहताना काढलेला प्लग कॅपमध्ये घालून त्याचं लोखंडी अंग हेडच्या पाकळीला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, आणि सावलीत बघा. निळा, जाड आणि चट्ट आवाज करणारा स्पार्क हवा. पिवळसर, बारीक ठिणगी मोकळ्या हवेत दिसते म्हणून खूश होऊ नका, सिलिंडरमधल्या दाबाखाली ती पडत नाही. ठिणगी अशी असेल तर आधी प्लगची कॅप बदलून बघा, मग हाय टेन्शन वायरचं टोक दोन-तीन मिलिमीटर कापून कॅप नव्याने बसवा. पॉइंट उघडताना त्यांच्यातच मोठी निळी-पांढरी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर गेलाय. अंधारात झाकण काढून एखादी किक मारली की हे स्पष्ट दिसतं.

कॉम्प्रेशनबद्दल थोडक्यात. थंड इंजिनावर पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) बोटांनी सहज फिरावेत, पण वर-खाली हलू नयेत. डीकॉम्प्रेसरच्या (सिलिंडरमधला दाब सोडून किक हलकी करणाऱ्या भागाच्या) केबलला थोडा सैलपणा हवा, ताणलेली असेल तर तिथून दाब सुटतो. इग्निशन बंद ठेवून आणि डीकॉम्प्रेसर दाबून दहा-बारा किक मारल्या की ऑइलही वर चढतं.

एवढं झालं की पेट्रोल. चार महिन्यांचं जुनं पेट्रोल ओतून टाका, त्याच्या नादी लागू नका. आता आपल्याकडे पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाण्याचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) तिथूनच पेट्रोल घेतो. शिवाय जुन्या रबरी ओ-रिंग आणि पाइप त्याने फुगतात किंवा तडकतात. म्हणून पाइप कॉकपासून सोडवून धार बाटलीत घ्या, आधी मेनवर, मग रिझर्व्हवर. धार अखंड हवी. बाटली थोडा वेळ स्थिर ठेवली की तळाला वेगळा थर किंवा गंजाचा गाळ दिसतो. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकही फुंकून मोकळं करा.

कार्बोरेटरची पाळी आता, आणि तीही गरज असली तर. नीट स्पार्क असताना बऱ्याच किक मारूनही प्लग कोरडा निघतोय, किंवा तळातून पेट्रोल ठिबकतंय, किंवा गाडी फक्त चोकवर चालते, यातलं काही असेल तरच तो उतरवा. मिककार्बचा (या गाडीच्या कार्बोरेटरचा) एअर स्क्रू काढण्याआधी तो आत किती फेऱ्या जातो ते मोजून वहीत लिहा. फ्लोटची वाटी काढली की तळाशी हिरवट राळ दिसते, ती वाळलेल्या पेट्रोलची. पायलट जेट (थ्रॉटल कमी असताना पेट्रोल देणारा) आधी पाहा, त्याचं भोक इतकं बारीक असतं की पहिला तोच बुजतो. तार घालून टोकरू नका, भोक मोठं झालं की जेट निकामी. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, सायकलच्या पंपाने हवा मारा आणि आभाळाकडे धरून बघा. पूर्ण गोल उजेड दिसला पाहिजे. पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोटच्या नीडलचं टोक बघा. त्यावर घासलेली रिंग उमटली असेल तर नीडल बदला. बसवताना एअर स्क्रू अलगद पूर्ण आत नेऊन वहीत लिहिलंय तितक्या फेऱ्या (नोंद राहिली असेल तर दीड फेरी) बाहेर घ्या आणि स्लाइडच्या नीडलची क्लिप जिथे होती तिथेच ठेवा. हेडकडच्या जोडाचे नट दोन्ही बाजूंनी सारखे घट्ट करा. एकीकडून आवळला तर फ्लँज वाकते, तिथून हवा शिरते आणि मग आयडलिंग चढतं ते काही केल्या उतरत नाही.

किक मारताना पुन्हा अ‍ॅम्पीअर मीटर. काटा मध्यावर आला की डीकॉम्प्रेसर दाबून किक थोडीच पुढे ढकला, डीकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग पूर्ण लांबीची एकच किक. आयडलिंग आणि एअर स्क्रूचं अंतिम सेटिंग इंजिन चांगलं तापल्यावरच करा.

मग गाडी जवळच्या रस्त्यावर काढा. थ्रॉटलच्या मुठीवर कागदी टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. पाव मुठीपर्यंत अडखळत असेल तर पायलट आणि एअर स्क्रू, पाव ते पाऊणमध्ये स्लाइडची नीडल, त्याच्या पुढे मेन जेट. अडखळत असतानाच चोक किंचित ओढा. सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय, आणखी गुदमरली तर जास्त होतंय.

थंडपणी छान चालणारी गाडी पंधरा-वीस किलोमीटरवर बंद पडली तर लगेच टाकीचं झाकण उघडा. सूऽ असा आवाज आला आणि गाडी चालू झाली तर दोष झाकणाच्या भोकाचा. आवाज नाही आणि गाडीही चालू होत नाही, तर तापलेल्या अवस्थेतच स्पार्क बघा. कंडेन्सर आणि कॉइल कधीकधी गरम झाल्यावरच दगा देतात, थंड झाली की दोन्ही पुन्हा शहाणी होतात, त्यामुळे गॅरेजला नेऊन काहीच सापडत नाही. म्हणून वरंधा किंवा आंबोलीला निघण्याआधी अशी एक तापवणारी फेरी घराजवळ मारून घ्या. लांबच्या वाटेवर प्लग, पॉइंट, कंडेन्सर, फिलर गेज आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर टूलबॉक्समध्ये असू द्या. पॉइंट नवे टाकले असतील तर पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर गॅप पुन्हा मोजा. फायबरची टाच सुरुवातीला भराभर झिजते, गॅप मिटत जातो आणि टायमिंग मागे पडतं.