देवराई सांभाळताय? या चुका टाळा

देवळाचा जीर्णोद्धार ठरला की गावाची पहिली नजर राईच्या साफसफाईकडे जाते. कोकणातल्या कितीतरी देवरायांचं नेमकं तिथंच बिघडतं.

पाचोळा झाडून पेटवणं

ही सर्रास होणारी मोठी चूक. आपल्याकडे तीन-चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तो जमिनीत मुरतो तो या पाचोळ्यामुळे आणि त्याखालच्या भुसभुशीत मातीमुळे. हा थर गेला की माती ओढ्याला लागते. राईतला झरा पूर्वीपेक्षा लवकर आटू लागला असेल, तर बोअरवेलचा विचार करण्याआधी राईत फिरून बघा. जमीन उघडी आणि पायाला कडक लागते का? तसं असेल तर झाडणं आणि गुरं सोडणं, दोन्ही थांबवा. देवळापुढचं अंगण आणि पालखीची वाट झाडा, एवढं पुरे. भाजावळीसाठी, म्हणजे भातरोपांची जमीन भाजायला लागणारी कवळ (पानांसकट फांद्या) ही राईतली तोडू नका.

वठलेलं झाड विकून टाकणं

वर्गणीला हातभार लागतो, हे खरं. पण आपल्याकडे गरुड म्हणतात तो मोठा धनेश पक्षी स्वतः ढोली कोरू शकत नाही. त्याला जुन्या, जाड बुंध्याच्या झाडाची तयार ढोलीच लागते. मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवत राहतो. सातविणीचं किंवा बेहड्याचं असं एक झाड गेलं, तर पुढचं तयार व्हायला माणसाचं आयुष्य अपुरं पडतं. वाटेवर धोका असेल तर तेवढी फांदी उतरवा. पडलेला ओंडका तिथंच कुजू द्या. गारंबीचे वेलही झाडं मोकळी करायची म्हणून तोडू नयेत.

दिसेल त्या मोकळ्या जागी रोपं लावणं

आकेशिया, गिरिपुष्प, गुलमोहर यांचं राईत काही काम नाही. मोठं झाड पडून उजेड आला असेल, तर दोन पावसाळे वाट बघा. बहुतेक वेळा खालची रोपटी आपणच उठतात. उठली नाहीत तर बहुधा गुरं खातात किंवा रानमोडी हे तण दाबून टाकतं. रानमोडी फुलण्याआधी, पावसाळा सरता सरता, ओल्या मातीतून मुळासकट उपटा. लावायचंच असेल तर त्याच राईतलं ताजं बी वापरा. रानजायफळासारखी बियाणी साठवणीत लवकर मरतात.

राईतल्या दलदलीत भराव टाकणं मला सर्वांत घातक वाटतं, कारण ते परत फिरवता येत नाही. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथली रानजायफळाची दलदल देवराई म्हणूनच वाचली आणि पुढे जैवविविधता वारसा स्थळ झाली. तीच जागा पेव्हर ब्लॉकखाली गेली असती, तर काय उरलं असतं?

कागद न बघणं

राई देवाची, असं आपण म्हणतो. सातबारा मात्र वेगळंच सांगू शकतो. बऱ्याच ठिकाणी जमीन सरकारच्या किंवा खासगी नावावर असते आणि हे रस्त्याची आखणी आल्यावरच कळतं. उतारा काढा, हद्द मोजून घ्या. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून राईची नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत करून घ्या. वारसा स्थळाचा दर्जा हवा असेल तर २००२ च्या जैविक विविधता कायद्याचं कलम ३७ बघा. प्रस्ताव पाठवण्याआधी मानकरी, गुरव आणि राईलगतचे शेतकरी या सगळ्यांना ग्रामसभेत बोलतं करा.