काउंटी जेलमधील आप्तांची भेट आणि संपर्क : या चुका टाळा

अमेरिकेत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गेलेल्या आपल्या माणसाला अटक झाल्याचे कळते, तेव्हा घरच्यांची पहिली धडपड त्याचा आवाज ऐकण्यासाठी असते, आणि नेमक्या याच धडपडीत त्याच्या खटल्याचे मोठे नुकसान होऊन बसते. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग. काउंटी जेल हा तिथला स्थानिक तुरुंग असून त्याचा कारभार बहुतेक ठिकाणी काउंटीच्या शेरीफकडे, म्हणजे तिथल्या पोलीस प्रमुखाकडे, असतो. तेथे मुख्यतः खटल्याचा निकाल न लागलेले कच्चे कैदी आणि साधारणपणे एक वर्षापर्यंतची शिक्षा झालेले लोक ठेवले जातात. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत आणि भेटीचे, फोनचे व टपालाचे नियम जागोजागी बदलतात, त्यामुळे न्यू जर्सीतील परिचिताचा अनुभव टेक्सासमध्ये लागू पडेलच असे नाही. त्या विशिष्ट तुरुंगाच्या संकेतस्थळावरील नियम वाचल्याशिवाय कोणतेही पाऊल उचलू नये. तरीही काही चुका अशा आहेत की त्या कोणत्याही काउंटीत महागात पडतात.

सर्वांत मोठी चूक : फोनवर घटनेची चर्चा

तुरुंगातून आलेला फोन उचलला की आधी ध्वनिमुद्रित आवाज ऐकू येतो. हा फोन अमुक तुरुंगातील कैद्याकडून आहे, संभाषण मुद्रित होत आहे, फोन स्वीकारायचा असल्यास अमुक आकडा दाबा, असे तो सांगतो. ही सूचना शब्दशः घ्यायची असते. हे मुद्रण सरकारी वकिलाला सहज मिळू शकते आणि न्यायालयात पुरावा म्हणून ऐकवले जाऊ शकते. असे असूनही पहिल्याच फोनवर आई विचारते, "अरे, नक्की झालं तरी काय?" आणि दोन रात्री न झोपलेला मुलगा मन मोकळे करण्यासाठी सगळे सांगून टाकतो. "मी तिला फक्त एकदाच ढकललं" हे वाक्य तो आपली बाजू मांडण्यासाठी बोललेला असतो, पण सरकारी वकिलाच्या हाती पडल्यावर तीच कबुली ठरते.

मराठीत बोललो तर कोणाला कळणार, हा आपल्या लोकांचा खास गैरसमज आहे. मुद्रण जपून ठेवलेले असते आणि त्याचा अनुवाद काही आठवड्यांनी, काही महिन्यांनीही करून घेता येतो. आडून, सांकेतिक भाषेत बोलणे तर त्याहून वाईट, कारण त्यातून काहीतरी लपवण्याचा हेतू असल्याचे चित्र उभे राहते. फोनवर तब्येत, जेवण, झोप, वकिलाचे नाव, पुढची तारीख, घरभाडे आणि बिले यांविषयी बोलावे. तो घटनेकडे वळलाच तर "ते फक्त वकिलांशी बोल" एवढे एकच वाक्य शांतपणे उच्चारावे आणि विषय बदलावा. काचेपलीकडच्या माणसाशी रिसीव्हरवरून होणारे बोलणे, व्हिडिओ भेट, टॅब्लेटवरचे संदेश आणि पत्रे यांनाही हाच नियम लावावा. वकिलाशी होणारे बोलणे गोपनीय असते, मात्र त्यासाठी वकिलाचा क्रमांक तुरुंगाकडे तसा नोंदवलेला आहे ना, याची खात्री वकिलाकडून करून घ्यावी, आणि घरच्यांनी त्या बोलण्यात मध्येच सामील होऊ नये.

"कबूल करून मोकळा हो" हा सल्लाही फोनवरून दिला जातो आणि तो अत्यंत घातक आहे. किरकोळ वाटणाऱ्या गुन्ह्याच्या कबुलीनेही एच-वन-बी व्हिसा, ग्रीन कार्ड आणि देशात राहण्याचा हक्क धोक्यात येऊ शकतो. पडिला विरुद्ध केंटकी या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले की, कबुलीमुळे हद्दपारीची शक्यता असेल तर बचाव पक्षाच्या वकिलाने परदेशी नागरिक असलेल्या अशिलाला त्याची कल्पना दिली पाहिजे. ही कल्पना मिळेपर्यंत घरच्यांनी कबुलीचा आग्रह धरू नये.

मनाई हुकूम असताना निरोप पोहोचवणे

कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात न्यायाधीश पहिल्याच हजेरीत अनेकदा संपर्कबंदीचा हुकूम देतात. नवरा-बायकोत नंतर समेट झाला आणि पत्नीला स्वतःलाच भेटायला जावेसे वाटले, तरी तो हुकूम आपोआप उठत नाही, आणि तिच्या इच्छेने केलेल्या संपर्काबद्दलही नवऱ्यावर नवा गुन्हा दाखल होऊ शकतो. पुण्यातून किंवा नाशिकमधून सासूबाईंनी सुनेला फोन करून "तक्रार मागे घे, त्याचं आयुष्य बरबाद होईल" असे सांगणे हा तर दुहेरी धोका आहे. तिसऱ्या माणसाकरवी निरोप पाठवणे हा हुकुमाचा भंग ठरू शकतोच, शिवाय साक्षीदारावर दबाव आणल्याचा आरोपही होऊ शकतो. आणि ज्या स्त्रीने जिवाच्या भीतीने पोलिसांना बोलावले, तिच्यावर कुटुंबाने असा भार टाकणे मुळातच अन्याय्य आहे. हुकूम बदलून घ्यायचा असेल तर तो न्यायालयातूनच बदलतो.

फोन येतच नाही

तुरुंगात बाहेरून फोन लावता येत नाही, फोन करायचा तो कैद्यानेच. अनोळखी क्रमांक आणि यांत्रिक आवाज ऐकून फसवणुकीचा फोन समजून लोक तो तोडतात किंवा घाईत नको तो आकडा दाबून क्रमांक कायमचा बंद करून टाकतात. तसे झाले असल्यास फोनसेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेला कळवून बंदी उठवून घ्यावी लागते. सिक्युरस आणि वायापाथ ही यांतली दोन मोठी नावे आहेत, आणि आपल्या तुरुंगात कोणाची सेवा आहे हे संकेतस्थळावर दिलेले असते. मोबाइलवर कलेक्ट कॉल, म्हणजे ज्याचे पैसे फोन घेणारा देतो तो फोन, बहुधा लागत नाही, म्हणून आधी पैसे भरून आपल्या क्रमांकासाठी खाते उघडावे.

अनेक तुरुंगांतून भारतात थेट फोन लावण्याची सोय नसते. अशा वेळी तिथला मित्र स्वतःच्या मोबाइलवर आलेला फोन भारतातल्या आईवडिलांशी जोडून देतो. हेतू चांगला असला तरी तीन जणांचे संभाषण आणि फोन दुसरीकडे वळवणे हे जवळपास सगळीकडे निषिद्ध आहे. यंत्रणेला ते कळताच फोन तुटतो, मित्राचा क्रमांक बंद होतो आणि कैद्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. त्यापेक्षा व्हिडिओ भेटीसाठी परदेशातून नोंदणी करता येते का, ते विचारावे. वेळेचाही हिशेब ठेवावा, कारण उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा भारतात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात झालेले असतात.

फोनचे दर पूर्वी फार जाचक होते. जानेवारी २०२३ मध्ये मार्था राइट-रीड कायद्यावर स्वाक्षरी झाली आणि राज्यांतर्गत व व्हिडिओ संभाषणांच्या दरांवरही मर्यादा घालण्याचा अधिकार संघीय दूरसंचार आयोगाला मिळाला. सॅन फ्रान्सिस्कोने २०२० मध्येच आपल्या तुरुंगातील फोन मोफत केले, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये डिसेंबर २०२३ पासून काउंटी तुरुंगांसह सर्वत्र ते मोफत आहेत. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी आपल्या काउंटीत फोन मोफत आहे का, हे पाहून घ्यावे.

नाव सापडत नाही

अटकेनंतर नोंद व्हायला काही तास लागतात, आणि केंद्रीय तुरुंगांच्या यादीत काउंटीचा कैदी सापडणार नाही. शेरीफच्या संकेतस्थळावर शोधताना मराठी नावांची विशेष अडचण येते. पासपोर्टवर मुलाचे आणि वडिलांचे नाव एकाच रकान्यात असते, त्यामुळे नोंद करणारा कधी वडिलांच्या नावालाच आडनाव समजतो. फक्त आडनाव, मग फक्त वडिलांचे नाव, मग जन्मतारखेसह असे आलटूनपालटून शोधावे. नाव सापडले की बुकिंग नंबर, म्हणजे कैद्याचा तुरुंगातील नोंदणी क्रमांक, लिहून ठेवावा, कारण पुढे प्रत्येक कामाला तोच लागतो. नाव यादीतून अचानक गायब झाले तर सुटका झाली असे गृहीत धरू नये. त्याला इमिग्रेशन खात्याने, म्हणजे आइसने, ताब्यात घेतलेले असू शकते, आणि त्या खात्याची शोधयादी वेगळी असते.

भेटीच्या दारातून परत येणे

आधी नाव नोंदवून वेळ घेतल्याशिवाय बहुतेक ठिकाणी भेट मिळत नाही, आणि अनेक काउंट्यांत आता भेट केवळ पडद्यावर होते. भारतातून गेलेल्या पालकांनी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा, आधार कार्डावर काम भागेल अशी आशा धरू नये. आत सोडण्यापूर्वी भेटीस आलेल्यांची माहितीही तपासली जाते, म्हणून ज्याच्या स्वतःच्या व्हिसाची मुदत संपली आहे त्याने जाण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घ्यावा. बिनबाह्यांचे, तोकडे किंवा पारदर्शक कपडे आणि कैद्यांच्या गणवेशाच्या रंगाचे कपडे चालत नाहीत. मोबाइल आत नेता येत नाही. घरचा डबा, प्रसाद, अंगारा, जपमाळ यांपैकी काहीही हातात देता येत नाही, आणि ते लपवून देण्याचा प्रयत्न हा गुन्हा ठरू शकतो. शाकाहारी जेवण हवे असेल तर तसा लेखी अर्ज कैद्यानेच करायचा असतो, बहुधा तुरुंगातील धर्मगुरूंच्या कार्यालयाकडे. आतील बंदोबस्तामुळे भेटी ऐनवेळी रद्द होतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी.

पत्र आणि पैसे

पाकिटावर कैद्याचे पूर्ण नाव, बुकिंग नंबर आणि पाठवणाऱ्याचा पत्ता नसेल तर पत्र परत येते. काही तुरुंग फक्त पोस्टकार्ड घेतात, तर काही ठिकाणी पत्र दुसऱ्याच पत्त्यावर पाठवायचे असते आणि तेथे त्याची प्रत काढून ती टॅब्लेटवर दाखवली जाते. कुंकवाचे बोट, अत्तर, चिकटवलेली चित्रे, स्टेपलची पिन यांमुळे पत्र नाकारले जाते. पुस्तक घरातून पाठवू नये, प्रकाशक किंवा विक्रेत्याकडूनच नवी, साध्या बांधणीची प्रत पाठवावी.

फोनचे खाते आणि तुरुंगातील दुकानाचे, म्हणजे कमिसरीचे, खाते ही बहुधा वेगवेगळी असतात. एकात भरलेले पैसे दुसऱ्यात वळवता येतील असे धरून चालू नये. आणि "मी शेरीफच्या कार्यालयातून बोलतोय, जामिनासाठी गिफ्ट कार्ड किंवा बिटकॉइन पाठवा" असा फोन आला तर तो निःसंशय भामट्याचा असतो.

दूतावास आणि औषधे

१९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार अटकेतील परदेशी नागरिकाला आपल्या वाणिज्य दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते. काही देशांच्या बाबतीत अमेरिकेतील यंत्रणेवर ते आपणहून कळवण्याचे बंधन आहे, पण भारत त्या यादीत नाही. म्हणून ही मागणी कैद्याने स्वतः केली पाहिजे, आणि घरच्यांनीही दूतावासाला लेखी कळवावे. दूतावास खटला लढवत नाही, परंतु चौकशी करू शकतो आणि भेटीची परवानगी मागू शकतो.

मधुमेह, रक्तदाब, दमा किंवा नैराश्यावरील औषधे चालू असतील तर तुरुंगाच्या वैद्यकीय विभागाला त्याच दिवशी फोन करून औषधाचे नाव, मात्रा आणि डॉक्टरांचा क्रमांक द्यावा. गोपनीयतेमुळे ते तुम्हाला काही सांगणार नाहीत, पण तुमची माहिती ऐकून घेऊ शकतात. त्याच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याची भाषा आली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता तुरुंगात फोन करून वरिष्ठ अधिकाऱ्याला तसे स्पष्ट शब्दांत सांगावे. अमेरिकेच्या स्थानिक तुरुंगांतील मृत्यूंमध्ये आत्महत्या हे वर्षानुवर्षे सर्वांत मोठे कारण राहिले आहे, तेव्हा येथे संकोच करू नये.

सुटकेच्या रात्री

जामीन मंजूर झाला की घरच्यांना वाटते, तासाभरात तो बाहेर येईल. प्रत्यक्षात कागदपत्रांना अनेक तास लागतात आणि सुटका मध्यरात्रीनंतरही होते, तेव्हा फोन बंद पडलेला असतो आणि जवळ पैसे असतीलच असे नाही. कोणत्या दाराने सोडतात, जप्त सामान कोठे मिळते आणि पासपोर्ट कोणाकडे आहे, हे आधीच विचारून ठेवावे. संपर्कबंदीचा हुकूम असेल तर त्याला स्वतःच्या घरी नेता येत नाही, म्हणून राहण्याची दुसरी जागा ठरवूनच गाडी काढावी.