कडक काळी बिअर: सामग्रीतल्या या चुका टाळा

मेलबर्नला घरी बिअर बनवणाऱ्या माझ्या भाच्याचा प्रश्न ठरलेला असतो: "मामा, काळी तर झाली, पण कडक का नाही झाली?" नागपुरात आमच्या परवानाधारक छोट्या ब्रुअरीत शिकायला येणारी मुलेही हेच विचारतात. (महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.)

रंग आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताकद फिकट माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, साखरेतून येते. काळ्या भाजलेल्या माल्टमधली विकरे (पिठूळ भागाची साखर करणारे घटक) भाजतानाच नष्ट झालेली असतात आणि त्यातून रंग व कडवटपणाच जास्त मिळतो. 20 लिटरला सुमारे 1.090 ची सुरुवातीची घनता (आंबण्याआधी द्रवात साखर किती आहे याचे माप; साध्या पाण्याची 1.000) हवी असेल, तर साधारण 9 किलो धान्य लागते आणि त्यात भाजलेला माल्ट दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त मी घालत नाही. यापेक्षा जास्त घातल्यास विझलेल्या चुलीतली राख चाटल्यासारखी चव येते.

याहून चिवट चूक पाण्याची आहे आणि ती मी स्वतः केली आहे. शुद्ध पाणी म्हणजे उत्तम बिअर, अशा समजुतीने मी एक पूर्ण घाणा आरओच्या पाण्यात काढला. बिअर आंबट, तुरट आणि बोचरी झाली. मी माल्ट पुरवणाऱ्याला दोष दिला, नवे पोते मागवले, पुन्हा तेच पाणी वापरले आणि पुन्हा तीच चव आली. तिसऱ्या वेळी नाइलाजाने पीएच मोजला, तेव्हा तो 5 च्याही खाली गेलेला दिसला. भाजलेला माल्ट आम्लधर्मी असतो. ते आम्ल सावरणारे क्षार आरओच्या पाण्यात जवळपास नसतातच, आणि मेलबर्नचे नळाचे पाणीही असेच मऊ आहे. माल्ट भिजवताना पीएच 5.4 ते 5.6 असावा. आता मी निम्मे आरओचे आणि निम्मे नळाचे पाणी घेतो, भाजलेला माल्ट शेवटच्या 15 मिनिटांत टाकतो आणि पीएच तरीही उतरला, तर चिमूट चिमूट खाण्याचा सोडा घालून पुन्हा मोजतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन मात्र आधी घालवावेच लागते, नाहीतर बिअरला दवाखान्याचा वास येतो. मी त्यात चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टाकतो.

साखर आंबवणाऱ्या यीस्टबाबत लोकांची कंजुषी मला समजत नाही. नऊ किलो माल्टवर पैसे खर्च करायचे आणि साध्या बिअरला पुरणारे 11.5 ग्रॅमचे एकच पाकीट टाकायचे, मग घनता 1.040 वर अडकली की हताश व्हायचे. अशा बिअरला दोन पाकिटे तरी लागतात. मे महिन्यात कुरिअरने नागपुरात आलेले पाकीट मी आधी थोड्या कोमट साखरपाण्यात तपासतो. अर्ध्या तासात फेस आला नाही, तर ते सरळ फेकून देतो.

भरडलेला माल्ट पावसाळ्यात ठेवू नये. दाणा दाताखाली कुरकुरीत फुटला पाहिजे. चवीसाठी कॉफी घालणार असाल, तर चिकोरी मिसळलेली नको. संत्र्याची साल घालायची हौस असेल, तर आतला पांढरा गर पूर्ण खरवडावा. गूळ जवळजवळ पूर्ण आंबतो, त्यामुळे तो जास्त घातल्यास बिअर पातळ लागते.

बाटलीत भरताना फेसासाठी थोडी साखर घालतात, तिथे मात्र गूळ नकोच, कारण त्यातल्या ओलाव्यामुळे वजनाचा अंदाज चुकतो. 20 लिटरला सुमारे 100 ग्रॅम साखर उकळलेल्या पाण्यात विरघळवून घालावी, तीही घनता सलग तीन दिवस स्थिर राहिल्यावरच. भाच्याने घाईत दुसऱ्याच दिवशी बाटल्या भरल्या होत्या. त्यांतल्या चार गॅरेजमध्ये फुटल्या, आणि त्याने मला फोन केला तो काचा झाडून झाल्यावर.