बिशप किंवा पाळक बदलले की पास्टरेटच्या सेक्रेटरीने करायची कामं

ही यादी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या कोल्हापूर भागातल्या पास्टरेटसाठी, म्हणजे एका पाळकाच्या हाताखालच्या स्थानिक मंडळीसाठी आहे. बिशपांच्या निरोप समारंभाचे हार, मांडव आणि जेवण यांची सोय मंडळी कुणी न सांगता करते. सह्या आणि नोंदी बदलण्याचं काम मात्र कुणाच्याच नावावर नसतं. मग दोन-तीन वर्षांनी शाळेतल्या एखाद्या नेमणुकीची मान्यता अडते किंवा बँक चेक परत करते, तेव्हा कळतं की कागदोपत्री जुनेच बिशप अजून पदावर आहेत.

निवृत्तीची तारीख आधीपासून ठाऊक असते, त्यामुळे तयारीला दोन महिने सहज मिळतात. त्यात सर्वांत आधी बिशप पदसिद्ध म्हणून, म्हणजे पदामुळे आपोआप, कुठेकुठे आहेत याची यादी करा. डायोसिसन कौन्सिलचं, म्हणजे बिशपांच्या कार्यक्षेत्राच्या (डायोसिसच्या) मंडळाचं, अध्यक्षपद सगळ्यांना माहीत असतं. पण शाळा चालवणारी संस्था, वसतिगृह, दवाखाना यांच्या घटनेतही ‘डायोसिसचे बिशप’ असं लिहिलेलं असू शकतं. आठवणीवर विसंबू नका. प्रत्येक संस्थेचा शेड्यूल वनचा (ट्रस्टच्या नोंदवहीचा) ताजा उतारा कोल्हापूरच्या धर्मादाय कार्यालयातून काढा आणि त्यावर आज विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत ते पाहा. अनेकदा तिथे त्याआधीच्याही बिशपांचं नाव निघतं. तसं असेल तर काम दुप्पट आहे असं समजा. तुमची पास्टरेट स्वतंत्र ट्रस्ट म्हणून नोंदलेली नसेल, तर धर्मादायचं काम डायोसिसचं. तुमच्याकडे बँक आणि दप्तर एवढंच उरतं.

नवे बिशप लगेच येतीलच असं नाही. डायोसिसकडून नावं जातात, अंतिम निवड सिनॉडच्या, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च मंडळाच्या, पातळीवर होते. मधल्या काळासाठी मॉडरेटर (सिनॉडचे प्रमुख) आपले कमिसरी, म्हणजे काळजीवाहू प्रतिनिधी, नेमतात. त्यांच्या नेमणूकपत्राची प्रत डायोसिसन ऑफिसकडून मागून फाइलला लावा. पत्रात नेमणुकीची तारीख, मुदत आणि बँकेच्या सहीचा अधिकार या तीन गोष्टी शोधा. दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्यांना मंडळीचं पूर्ण सभासद करण्याचा विधी), पगार, नेहमीचा खर्च ही कामं चालू राहतात. जागेचा करार किंवा नवं कुलमुखत्यारपत्र मात्र नव्या बिशपांपर्यंत थांबवलेलं बरं. ‘आत्ता सही झाली नाही तर पार्टी जाईल’ असं सांगणारा माणूस नेमका याच महिन्यांत ऑफिसात येऊन बसतो.

आता चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्तांतला बदल धर्मादाय कार्यालयाला कळवणारा बदल अहवाल. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांतला बदल ९० दिवसांत कळवावा लागतो, शेड्यूल तीनच्या नमुन्यात. दिवस बदलाच्या तारखेपासून मोजायचे. बिशप ३० नोव्हेंबरला निवृत्त झाले तर ९० वा दिवस २८ फेब्रुवारी. नाताळ, नववर्ष आणि वार्षिक सभेची धावपळ यांत हे तीन महिने कुठे जातात ते कळत नाही. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा लागतो आणि कारण पटेल असं लिहावं लागतं. ‘अनवधानाने’ हा एकच शब्द पुरत नाही.

रिपोर्टला सभेची नोटीस, विषयपत्रिका, हजेरी, ठरावाची खरी नक्कल, नव्या विश्वस्ताचं संमतिपत्र आणि ओळखीचे पुरावे लागतात. निवृत्त होणाऱ्यांचं हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र ते गावात असतानाच घ्या. पुढे कार्यालयाची नोटीस त्यांच्या नावाने निघते, आणि ते मुलाकडे दुसऱ्या शहरात गेलेले असले की तारखेवर तारीख पडते. विश्वस्त वारले असतील तर मृत्यूचा दाखला लावा.

अर्ज अडतात ते बहुतेक सभेच्या कागदांवरून. नोटीस घटनेत सांगितलेल्या दिवसांपेक्षा उशिरा निघालेली असते. विषयपत्रिकेत निवडीचा विषयच नसतो, ती ‘ऐनवेळच्या विषयांत’ उरकलेली असते. हजेरीत गणपूर्तीला दोन सह्या कमी पडतात. त्याहून चिवट अडचण साखळीची. आधीचा चेंज रिपोर्ट प्रलंबित असेल, तर त्यातले विश्वस्त अजून मान्य झालेले नसतात, आणि त्यांनी भरवलेल्या सभेतली पुढची निवडही लोंबकळते. म्हणून सर्वांत जुना प्रलंबित रिपोर्ट आधी निकाली काढून घ्या, नवा त्यानंतर पुढे रेटा.

ठराव मोघम नको. साधारण असा लिहा: ‘मा. … हे दिनांक … रोजी सेवानिवृत्त झाल्याने त्यांचं नाव कमी करून, दिनांक … च्या नेमणूकपत्रानुसार मा. … यांची पदसिद्ध विश्वस्त म्हणून नोंद घेण्यात यावी. बदल अहवाल दाखल करण्याचे अधिकार सेक्रेटरी … यांना देण्यात येत आहेत. सूचक …, अनुमोदक …, सर्वानुमते मंजूर.’ बँकेच्या सह्यांसाठी ठराव वेगळा करा, त्यात खातं क्रमांक आणि ‘दोघांपैकी कोणाच्या सह्या चालतील’ हे स्पष्ट हवं. जुन्या सह्या बंद आणि नव्या सुरू एकाच दिवशी व्हाव्यात, नाहीतर पगाराचे चेक अडकतात. मोबाइल नंबर आणि नेट बँकिंगचे अधिकारही त्याच अर्जात बदला. आयकर पोर्टलवरची अधिकृत सही बहुतेक जण विसरतात आणि ऑडिटच्या हंगामात पळापळ होते. संस्थेला परदेशी देणगीची नोंदणी असेल, तर प्रमुख पदाधिकाऱ्यांतला बदल एफसी-६ई फॉर्मवर ४५ दिवसांत कळवावा लागतो. ही मुदत धर्मादायच्या निम्मी आहे, म्हणून हे आधी.

पाळकांची बदली हे लहान काम वाटतं. पण भांडणं इथूनच सुरू होतात, कारण चार्ज देणं-घेणं चहाच्या टेबलावर तोंडी होतं. चार्ज रविवारी उपासनेनंतर घेऊ नका. कामाचा दिवस धरा. जाणारे पाळक, येणारे पाळक, सेक्रेटरी आणि ट्रेझरर असे चौघे हजर ठेवा आणि यादी तीन प्रतींत करा: पास्टरेटला एक, डायोसिसन ऑफिसला एक, जाणाऱ्यांना एक.

बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न आणि दफन या प्रत्येक नोंदवहीत शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून ‘येथपर्यंत नोंद क्रमांक …’ असं लिहा आणि दोन्ही पाळकांच्या सह्या घ्या. कोरी सोडलेली पानं असतील तर ती तिरकी रेघ मारून बंद करा. मागच्या तारखेची नोंद घुसवायला हीच जागा वापरली जाते. लग्नाच्या नोंदीची जी प्रत निबंधकाकडे पाठवायची असते, ती प्रत्येक लग्नाची गेली आहे का, हे पोचपावतीवरून ताडा. चुकलेलं स्पेलिंग मूळ नोंदीत खोडू नका. समासात दुरुस्ती, तारीख, सही.

रोख रक्कम नोटांच्या तपशिलासह मोजा. पासबुक त्याच दिवशी भरून आणा आणि न वटलेले चेक वेगळे लिहा. पावती पुस्तकं किती छापली, कोणती वापरली, कोरी कोणती उरली, हे क्रमांकानिशी हवं. उपकारस्तुतीच्या सणात अर्पण आलेल्या वस्तूंच्या लिलावाची उधारी हमखास बाकी असते. नावं आणि रकमा यादीत घ्या, नव्या पाळकांना पहिल्याच महिन्यात वसुलीला लावू नका. बंगल्याचं लाइट बिल, पाणीपट्टी, घरफाळा कोणत्या तारखेपर्यंत भरलाय ते लिहा, महावितरणच्या मीटरचा आकडा फोटोसह. प्रभुभोजनाची भांडी नग मोजून. कपाट बदलायचं असेल तर दप्तर वरच्या मजल्यावर किंवा निदान वरच्या कप्प्यात हलवा. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या शहरात खालच्या कप्प्यात नोंदवह्या ठेवायला कारणच नाही.

जागेचे कागद शेवटी, सावकाश. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्यांच्या एकत्रीकरणातून झालं. अँग्लिकन मंडळी त्यातली एक, आणि बिशप-डायोसिस ही घडण तिच्याकडची. पण कोल्हापूर भागात मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले आणि पुढे मोठं काम झालं ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं. त्यामुळे प्रॉपर्टी कार्डावर किंवा सातबाऱ्यावर जुन्या मिशनचं किंवा चर्चच्या मालमत्ता धारण करणाऱ्या ट्रस्ट असोसिएशनचं नाव दिसलं तर दचकू नका आणि आपल्या पातळीवर नाव बदलायलाही जाऊ नका. उतारा काढा, प्रत डायोसिसच्या प्रॉपर्टी कमिटीला द्या. विक्रीला, आणि बिगरशेती जागा किंवा इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायला, कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमिनीला ही मर्यादा १० वर्षांची. जुन्या बिशपांनी दिलेली कुलमुखत्यारपत्रं किती आणि कोणाला, याची यादी नव्या बिशपांच्या पहिल्या बैठकीत ठेवा. जी नको असतील ती दुय्यम निबंधकाकडे रद्दलेख नोंदवून रद्द करा आणि मुखत्याराला पोचपावतीसह लेखी कळवा.