डब्लिन झोपलेलं असताना

सपोर्टच्या रात्रपाळीतून मी रिलीजच्या टीममध्ये आले, त्याला आता सात वर्षं झाली. आमचं सॉफ्टवेअर मुंबई, सिंगापूर, डब्लिन आणि ओरेगॉन या चार रिजनमध्ये, म्हणजे डेटा सेंटरच्या चार समूहांत, चालतं. कोड डेव्हलपर लिहितात, तपासणी टेस्टिंगवाले करतात. नवी आवृत्ती आधी कुठे जाणार, मध्ये किती थांबायचं आणि कधी मागे घ्यायची, हे आम्ही बघतो. नव्याने येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी थांबण्याबद्दलच सांगते. मला तेच शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

रिजन म्हणजे एखादी इमारत नव्हे. अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रिजनमध्ये (हे २०१६ साली सुरू झालं) तीन झोन, म्हणजे डेटा सेंटरचे स्वतंत्र गट, आहेत आणि प्रत्येक झोनची वीज, कूलिंग, नेटवर्क वेगळं. एकीकडे आग लागली, वीज गेली, तरी बाकीचं चालू राहावं म्हणून हा सगळा खटाटोप. पण आपणच चुकीचा कोड एकाच वेळी सगळीकडे पाठवला, तर या वेगळेपणाचा काही उपयोग उरत नाही. म्हणून आधी एक सर्व्हर, मग एक झोन, मग एक रिजन आणि मग बाकीची. प्रत्येक टप्प्यानंतर थांबून आकडे बघायचे. या थांबण्याला आम्ही 'बेक' म्हणतो.

माझ्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. नवी आवृत्ती डब्लिनला रात्री अकरा वाजता चढवली, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार. नियम सहा तास थांबण्याचा. सहा तास डॅशबोर्ड हिरवा होता, एकही अलार्म नाही. साडेदहाला मुंबईत सोडली. वीस मिनिटांत डेटाबेसची जोडणी मिळत नसल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. मर्यादा पाचशे जोडण्यांची. आलेख १८०, मग २६०, मग ४१०, आणि खाली यायचं नावच नाही. नवा कोड काम झाल्यावर जोडणी परत करतच नव्हता. डब्लिनमध्येही तो हेच करत होता, पण तिथे सगळे झोपलेले, त्यामुळे मर्यादेपर्यंत गोष्ट गेलीच नाही. मुंबईत त्याच वेळी ऑफिसं उघडत होती. आम्ही लगेच जुनी आवृत्ती परत आणली, पण तोवर सकाळची गर्दीची वेळ निघून गेली होती आणि ग्राहकांचे फोन दुपारपर्यंत चालू होते.

तेव्हापासून मी तास मोजणं सोडलं. त्या रिजनची गर्दीची वेळ बेकमध्ये आली का, एवढंच विचारते. नसेल, तर सहा काय नि सोळा काय.

याच्याही पुढचा धडा १२ जून २०२५ च्या गूगल क्लाउडच्या बिघाडात आहे. त्यांनी २९ मेपासून, येणारी प्रत्येक विनंती तपासणाऱ्या सेवेचा नवा कोड रीतसर एकेका रिजनमध्ये चढवला होता. पण त्यातला सदोष भाग एका विशिष्ट प्रकारची पॉलिसी (वापराचे नियम सांगणारा डेटा) आल्यावरच चालणार होता, म्हणून तो कुठल्याच टप्प्यावर चालला नाही. शिवाय तो बंद ठेवता येईल असा फीचर फ्लॅगही, म्हणजे कोडमधला चालू-बंद खटकाही, नव्हता. मग रिकामे रकाने असलेली एक पॉलिसी आली, काही सेकंदांत जगभर पोचली आणि सगळीकडची ती सेवा एकदम कोसळली. कोड टप्प्याटप्प्याने गेला, डेटा मात्र एका झटक्यात. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीचंही १९ जुलै २०२४ ला तसंच झालं, तिथेही कॉन्फिगची फाइल एकदम सगळीकडे गेली. चूक ७८ मिनिटांत मागे घेतली, तरी तोवर सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली होती आणि आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले जात होते. 'फक्त कॉन्फिग (सेटिंग) बदलतोय' असं कुणी म्हटलं, की मी त्यालाही कोडच्याच रांगेत उभं करते. यावर माझे वाद होतात, आणि ते मी घालते.

रोलबॅकचं, म्हणजे जुन्या आवृत्तीवर परत जाण्याचं, गणित डेटाबेसपाशी अडतं. रिलीज चालू असताना काही तास जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी चालतात. नव्या आवृत्तीने टेबलातला एखादा कॉलम काढून टाकला, तर जुनी तिथल्या तिथे मोडते आणि मागे जाण्याची वाटही बंद होते. म्हणून नवा कॉलम आधी जोडायचा, दोन्ही आवृत्त्यांना काही दिवस जगू द्यायचं आणि जुना पुढच्या एखाद्या रिलीजमध्ये काढायचा.

वेळा नेहमी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, लिहा. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात, युरोपची शेवटच्या रविवारी, आपली कधीच नाही. 'आपल्या नेहमीच्या वेळेला' असं निरोपात लिहिलं, की मार्चमध्ये कुणीतरी तासभर चुकतंच.

या कामात यायचं असेल, तर लॉग (सॉफ्टवेअरने लिहिलेल्या नोंदी) वाचण्याची सवय लावा आणि घरच्या लॅपटॉपवर मिनीक्यूब टाका. अनेक सर्व्हरवर अ‍ॅपच्या प्रती चालवणाऱ्या कुबरनेटीसचं हे छोटं रूप. एका छोट्या वेबसाइटच्या दोन आवृत्त्या करा, दुसरी मुद्दाम मोडकी. सर्व्हर सुरू होतो पण प्रत्येक पानावर एरर, अशी. रेडिनेस प्रोब (प्रत तयार आहे का याची तपासणी) न लावता रोलिंग अपडेट द्या, म्हणजे प्रती एकेक करून बदला. कंटेनर (अ‍ॅप ज्यात चालतं ती पेटी) सुरू झाला एवढ्यावर कुबरनेटीस त्याला तयार समजतो आणि मोडकी आवृत्ती सगळीकडे पसरते. आता पान नीट उघडतंय का हे तपासणारा प्रोब लावा आणि पुन्हा द्या. या वेळी अपडेट पहिल्या एक-दोन पॉडवरच (अ‍ॅपच्या चालू प्रतींवरच) अडकेल, आणि जुने पॉड पानं देत राहतील.