सिलेक्टरची नोंदणी नीट होते का? ऑब्जेक्टिव्ह-सी रनटाइममध्ये अशी तपासा

ऑब्जेक्टिव्ह-सी या प्रोग्रामिंग भाषेत मेथडच्या प्रत्येक नावाची रनटाइमकडे, म्हणजे प्रोग्राम चालताना भाषेची यंत्रणा सांभाळणाऱ्या लायब्ररीकडे, एकदाच नोंद होते. अ‍ॅपलच्या रनटाइममध्ये त्या नावाला एकच पॉइंटर (मेमरीतला पत्ता) मिळतो आणि तोच सगळीकडे वापरला जातो. हा झाला सिलेक्टर. नोंद करणारं फंक्शन म्हणजे 'सेल_रजिस्टरनेम'. त्याची टेस्ट दोन ओळींत लिहून होते, आणि तिथेच मी फसलो होतो.

'बेरीजकर' हे नाव मी दोनदा नोंदवलं आणि पॉइंटर जुळतात का ते पाहिलं. जुळले, टेस्ट पास! पण एकसारखी स्ट्रिंग लिटरल्स, म्हणजे कोडमध्ये अवतरणांत लिहिलेले शब्द, कंपायलर सहसा मेमरीत एकाच जागी ठेवतो. फंक्शनने काहीही न नोंदवता मी दिलेला पत्ताच परत केला असता, तरी ती टेस्ट पास झाली असती.

म्हणून दोन वेगळे कॅरेक्टर अ‍ॅरे घ्या आणि दोन्हींत तेच नाव भरा. दोघांचे पत्ते वेगळे असल्याचं आधी असर्ट करा (तसं नसेल तर टेस्ट तिथेच नापास व्हावी), मग नोंदणी करून पॉइंटर ताडून पाहा. नाव मात्र प्रोग्राममध्ये इतरत्र कुठेही नसलेलं हवं, कारण सोर्समध्ये '@सिलेक्टर' लावून लिहिलेली नावं बायनरी लोड होतानाच नोंदली जातात.

लगेच दोन्ही अ‍ॅरेंमध्ये भलतीच अक्षरं भरा आणि सिलेक्टरचं नाव सांगणाऱ्या 'सेल_गेटनेम'कडून नाव परत मागा. ते मूळचंच आलं पाहिजे, कारण अ‍ॅपलचा रनटाइम नावाची स्वतःची प्रत करून ठेवतो.

आता कोलन. तो नावाचाच भाग आहे. 'बेरीजकर' आणि 'बेरीजकर:' हे दोन निराळे सिलेक्टर, दुसरा एक आर्ग्युमेंट घेणारा. त्यांचे पॉइंटर वेगळे आहेत हेही असर्ट करा; असं स्ट्रिंगमधून नाव देताना कोलन गाळून केलेली चूक कंपाइल होताना दिसत नाही, प्रोग्राम चालताना 'अनरेकग्नाइज्ड सिलेक्टर' म्हणून कोसळतो.

नाव नोंदलं म्हणजे मेथड आली असं नव्हे. नोंदणीनंतर, क्लासकडे त्या सिलेक्टरची मेथड आहे का हे सांगणाऱ्या 'क्लास_रिस्पॉन्ड्सटूसिलेक्टर'चं उत्तर 'नो' यायला हवं, आणि 'क्लास_अ‍ॅडमेथड'ने मेथड जोडल्यावर 'येस'.

शेवटी 8 थ्रेडमधून एकच नवं नाव एकाच वेळी नोंदवा. आठही पॉइंटर एकच हवेत.

हीच टेस्ट अ‍ॅपलऐवजी जीएनयू प्रकल्पाच्या रनटाइमवर चालवायची असेल तर थेट '==' वापरू नका. तिथे सिलेक्टरला टाइपही (मेथडच्या आर्ग्युमेंटचे आणि उत्तराचे प्रकार) जोडता येतो, त्यामुळे एकाच नावाचे वेगवेगळे पॉइंटर असू शकतात. तुलना 'सेल_इजइक्वल'नेच करा.