शाळेत व्हॉलंटियर कोच होताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलमध्ये टेनिस, ट्रॅक शिकवायला आपले आई-बाबा हौसेने पुढे येतात, याचा मला आनंद आहे. पण दर सीझनला तेच ऐकू येतं: "आपण पैसे कुठे घेतो? आपल्यावर कोण केस करणार?" केस कोणीही करू शकतं. व्हॉलंटियरला वैयक्तिक भरपाईच्या जबाबदारीतून संरक्षण देणारा 1997 चा फेडरल व्हॉलंटियर प्रोटेक्शन ॲक्ट सरकारी शाळेच्या व्हॉलंटियरलाही लागू होतो, पण त्याला अटी आहेत. तुम्ही नेमून दिलेलंच काम करत असला पाहिजेत, त्या कामाला राज्यात सर्टिफिकेट लागत असेल तर ते हवं आणि घोर निष्काळजीपणा झालेला नसावा. गाडी चालवताना झालेलं नुकसान तर त्यातून सरळ वगळलेलं आहे.

म्हणूनच सगळ्यात मोठी चूक म्हणजे टीमच्या मुलांना आपल्या गाडीतून नेणं.

माझ्या ओळखीतले एक बाबा टेनिस टीमला मदत करायचे. बाहेरच्या मॅचनंतर बस यायला उशीर झाला, अंधार पडायला लागला. यांनी शाळेत फोन केला, तिकडून "थँक यू, घेऊन या" असं उत्तर आलं आणि चार मुलं मिनिव्हॅनमध्ये बसली. वाटेत पुढच्या गाडीने अचानक ब्रेक मारला, यांची गाडी मागून आदळली आणि एका मुलाचं कॉलरबोन मोडलं. शाळेच्या इन्शुरन्सवाल्यांचा पहिला प्रश्न होता, ड्रायव्हर म्हणून तुमची लेखी मंजुरी कुठे आहे? ती नव्हती. मग भार पडला त्यांच्या स्वतःच्या ऑटो पॉलिसीवर आणि प्रीमियम वाचवायला लायबिलिटीची (दुसऱ्याच्या नुकसानीच्या भरपाईची) मर्यादा ठेवली होती राज्याने ठरवलेली किमान. बिलं तिच्या वर गेली, मुलाच्या घरच्यांच्या वकिलाचं पत्र आलं आणि वर्ष उलटलं तरी प्रकरण मिटलं नव्हतं. चांगला माणूस, पण पुन्हा टेनिस कोर्टवर दिसला नाही.

मी स्वतःच्या मुलांशिवाय कुणालाही गाडीत घेत नाही. बसला उशीर झाला की पालकांना कळवते आणि सगळ्यांबरोबर थांबते. स्कूल डिस्ट्रिक्ट (भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) व्हॉलंटियरला गाडी चालवू देत असेल तर आधी लेखी मंजुरी घ्या, आपल्या एजंटला स्पष्ट विचारा, लायबिलिटीची मर्यादा वाढवा आणि जमलं तर अम्ब्रेला पॉलिसी, म्हणजे त्या मर्यादेच्या वरचं जादा संरक्षण, घ्या. कुणाची पंधरा सीटची व्हॅन मागून आणायचा विचारही नको. शाळेच्या मुलांची ने-आण करायला अशी नवी व्हॅन विकायलाच फेडरल कायद्याने बंदी आहे.

दुसरी चूक डोक्याच्या माराची. 2006 मध्ये वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेड हा 13 वर्षांचा मुलगा अमेरिकन फुटबॉलमध्ये डोक्याला मार लागूनही त्याच मॅचमध्ये परत खेळला आणि नंतर कोसळला. मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच्या नावाचा कायदा 2009 मध्ये झाला आणि पुढच्या काही वर्षांत सगळ्या 50 राज्यांत असे कायदे आले. कन्कशनची, म्हणजे मेंदूला धक्का बसल्याची, नुसती शंका आली तरी मुलाला त्या दिवशी मैदानाबाहेर काढा. परत घ्यायचं ते अधिकृत वैद्यकीय व्यक्तीची लेखी परवानगी आल्यावर. आपल्याकडे हमखास कुणीतरी बाबा बाजूने ओरडतात, "मी डॉक्टर आहे, तो ठीक आहे, फायनल आहे हो!" अशा वेळी मी वाद घालत नाही. मुलाचं हेल्मेट किंवा रॅकेट माझ्याकडे घेऊन ठेवते. एनएफएचएस या शालेय खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचा कन्कशनचा ऑनलाइन कोर्स फुकट आहे, आणि "नंतर करू" म्हणणाऱ्या नव्या कोचला मी मैदानावर मदतीला घेत नाही.

"पालकांनी वेव्हर सही केलाय" यावरही विसंबू नका. शाळांनी खेळासाठी घेतलेले, निष्काळजीपणाची जबाबदारी झटकणारे फॉर्म वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने 1988 मध्येच अवैध ठरवले. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत, पण बेफिकीर व्हायला वेव्हर हे कारण कुठेच नाही.

बाकीच्या थोडक्यात. बॅकग्राउंड चेक आणि डिस्ट्रिक्टची मंजुरी यायच्या आधी एकही प्रॅक्टिस घेऊ नका, कोच कितीही घाई करो. मुलांना वैयक्तिक मेसेज नकोत, ग्रुपमध्ये पालक हवेतच. बंद खोलीत एका मुलाबरोबर एकटं राहू नका. एच-4 या डिपेंडंट व्हिसावर असाल आणि वर्क परमिट नसेल तर छोटासा स्टायपेंडही घेऊ नका, तो कामाचा मोबदला धरला जाऊ शकतो. दुखापतीचा रिपोर्ट त्याच दिवशी लिहा: काय दिसलं, काय केलं, किती वाजता.

आणि सीझन सुरू व्हायच्या आधी डिस्ट्रिक्टला ईमेलवर तीन गोष्टी विचारा: तुमच्या लायबिलिटी पॉलिसीत व्हॉलंटियर येतात का, मला स्वतःला दुखापत झाली तर वर्कर्स कॉम्प (कामावर झालेल्या दुखापतीचा विमा) लागू आहे का, आणि माझं काम नेमकं कोणतं. उत्तर फोनवर मिळालं तर "आपलं असं बोलणं झालं" म्हणून लगेच मेल टाका आणि तो जपून ठेवा.